अमेरिकेच्या फेडरल न्यायालयाचे व्यावसायिक वादातील निकालपत्र कसे वाचावे

एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बसलेल्या फेडरल न्यायालयाच्या ज्युरीने, मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एपिक सिस्टिम्स या कंपनीला ९४ कोटी डॉलर द्यावेत, असा कौल दिला. रुग्णालयांसाठी संगणक प्रणाली बनवणाऱ्या एपिकची व्यापारी गुपिते टीसीएसने अनधिकृतपणे मिळवून वापरली, हा दाव्याचा गाभा होता. ९४ कोटींचा आकडा बातम्यांतून सर्वत्र पोहोचला आणि अनेकांच्या मनात तोच त्या खटल्याचा शेवट म्हणून राहिला. प्रत्यक्षात ती रक्कम कधीच अंतिम झाली नाही. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ती ४२ कोटींवर आणली, २०२० मध्ये अपील न्यायालयाने तिला आणखी कात्री लावली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला तेव्हा उरले ते एकूण २८ कोटी डॉलर.

अमेरिकेला माल पाठवणारे कारखानदार, तेथील ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संगणक कंपन्यांतील माणसे, त्या कंपन्यांचे भागधारक आणि कायद्याचे विद्यार्थी या सर्वांना अशी निकालपत्रे कधी ना कधी वाचावी लागतात. ती वाचण्याची पद्धत येथे मांडली आहे आणि उदाहरणासाठी बहुतांशी एपिक विरुद्ध टीसीएस हेच प्रकरण घेतले आहे. सर्व पद्धतीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा निर्णय खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर दिला गेला? त्याचे उत्तर हाती आल्याशिवाय निकालपत्रातील कोणत्याही वाक्याचे वजन ठरवता येत नाही.

मूळ मजकूर मिळवणे

पहिले काम म्हणजे बातमी बाजूला ठेवून मूळ निकालपत्र मिळवणे. फेडरल न्यायालयांची कागदपत्रे ‘पेसर’ या सरकारी संकेतस्थळावर असतात. तेथे नाव नोंदवावे लागते, एका पानाला १० सेंट आकारले जातात आणि एका दस्तऐवजासाठी सहसा ३ डॉलरपेक्षा जास्त घेतले जात नाहीत; तिमाहीचे बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले, तर ते माफ होते. न्यायालयाची निकालपत्रे पेसरवर विनामूल्य मिळतात. शुल्क लागते ते पक्षकारांचे अर्ज, युक्तिवाद आणि जोडपत्रे यांसाठी. ‘कोर्टलिसनर’ या विनामूल्य संग्रहातही बरीच कागदपत्रे सापडतात, आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी येतात.

शोधताना पक्षकारांच्या नावापेक्षा दाव्याचा क्रमांक अधिक भरवशाचा असतो. एपिकच्या दाव्याचा क्रमांक ‘१४-सीव्ही-७४८’ असा आहे. त्यातील १४ हे दावा दाखल झाल्याचे वर्ष, ‘सीव्ही’ म्हणजे दिवाणी प्रकरण आणि ७४८ हा त्या वर्षातील अनुक्रम. त्यापुढे न्यायाधीशांची आद्याक्षरे जोडलेली असतात. प्रकरण अपिलात गेले की त्याला नवा क्रमांक मिळतो, म्हणून दोन्ही क्रमांक टिपून ठेवावेत. त्यानंतर प्रकरणाची नोंदवही, म्हणजे ज्याला तेथे ‘डॉकेट’ म्हणतात ती तारीखवार यादी, वरपासून खालपर्यंत एकदा वाचावी. निकालपत्र हा त्या यादीतील एकच नोंद असलेला कागद असतो. त्याच्या आधी कोणते अर्ज झाले आणि नंतर काय घडले, हे ती यादीच सांगते.

प्रकरण फेडरल न्यायालयात का आले?

अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायालये आहेत, आणि त्यांच्याशिवाय ९४ फेडरल जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय अशी केंद्रीय रचना आहे. आपल्याकडे एकच जिल्हा न्यायालय केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही कायदे लावते, म्हणून ही दुहेरी रचना आपल्या वाचकाला प्रथम गोंधळात टाकते. फेडरल न्यायालयात दिवाणी दावा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक तर वाद फेडरल कायद्याखालचा असतो, जसे पेटंट, कॉपीराइट, शेअर बाजारातील फसवणूक किंवा मक्तेदारीविरोधी कायदा. नाही तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या, किंवा एक अमेरिकी आणि दुसरी परदेशी, असतात आणि वादाची रक्कम ७५,००० डॉलरहून अधिक असते.

निकालपत्राच्या सुरुवातीच्या पानांत अधिकारक्षेत्रावरचा जो परिच्छेद असतो, तो वाचक बहुधा ओलांडून जातात, परंतु कोणता कायदा लागू होणार हे तेथेच कळते. १९३८ मधील ईरी रेलरोड विरुद्ध टॉम्पकिन्स या निकालापासून हे पक्के आहे की, जो हक्क राज्याच्या कायद्यातून येतो, त्याचा निवाडा फेडरल न्यायालयानेही त्या राज्याच्या मूळ कायद्यानुसारच करायचा; कामकाजाची पद्धत मात्र फेडरल नियमांची. करारभंगाचे बहुतेक वाद राज्याच्या कायद्याखाली येतात. त्यामुळे विस्कॉन्सिनच्या कायद्यावर आधारलेला निष्कर्ष टेक्सासमधील करारावर जसाच्या तसा लावता येत नाही, जरी दोन्ही निकाल फेडरल न्यायालयाचे असले तरी. एपिकच्या प्रकरणात दंडात्मक भरपाईची कमाल मर्यादा विस्कॉन्सिनच्या कायद्यातूनच आली, हे पुढे दिसेल.

टप्पा ओळखणे

आता मूळ प्रश्नाकडे. फेडरल दिवाणी दाव्यात साधारण चार ठिकाणी महत्त्वाचा लेखी निर्णय येऊ शकतो आणि प्रत्येक ठिकाणी न्यायालय वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असते.

पहिले ठिकाण म्हणजे दावा सुरुवातीलाच फेटाळण्यासाठी प्रतिवादीने केलेला अर्ज, ‘मोशन टू डिसमिस’. येथे पुरावा तपासला जात नाही. वादीने दाव्यात लिहिलेल्या घटना खऱ्या धरून, त्या खऱ्या असल्या तरी कायद्याने काही दाद मिळू शकते का, एवढेच न्यायालय पाहते. २००७ च्या ट्वॉम्ब्ली आणि २००९ च्या इक्बाल या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर नुसते आरोप पुरत नाहीत. दावा विश्वसनीय वाटावा इतका तपशील त्यात असावा लागतो. म्हणून या टप्प्यावरच्या निकालपत्रात ‘प्रतिवादीने हजारो फायली उतरवून घेतल्या’ असे वाक्य दिसले, तर न्यायालयाला ते पटले असा त्याचा अर्थ होत नाही. ते वादीचे म्हणणे असते आणि तेवढ्यापुरते खरे धरलेले असते. निकालपत्राच्या वाचनात सर्वाधिक चुका याच जागी होतात, आणि एखाद्या कंपनीवर अन्याय करणाऱ्या बातम्याही याच जागी जन्म घेतात. अर्ज नामंजूर झाला, तर दावा पुढे चालतो, इतकेच. मंजूर झाला, तर तो ‘विथ प्रेज्युडिस’ आहे की ‘विदाउट प्रेज्युडिस’, हे पाहावे. पहिल्यात तोच दावा पुन्हा आणण्याचे दार बंद होते. दुसऱ्यात वादीला दावा सुधारून परत येता येते.

दुसरे ठिकाण मनाई हुकमाचे. तात्पुरता मनाई हुकूम देताना न्यायालय दाव्यात यश मिळण्याची शक्यता, भरून न येणारी हानी, दोन्ही बाजूंच्या अडचणींचा तोल आणि सार्वजनिक हित या चार गोष्टी पाहते. २००८ च्या विंटर निकालात त्या स्पष्टपणे मांडल्या आहेत. प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा तोल आणि अपरिमित हानी ही आपल्या दिवाणी न्यायालयांतील कसोटी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सहज ओळखू येईल. येथील निष्कर्ष हंगामी असतात आणि सुनावणीनंतर ते उलट होऊ शकतात.

तिसरे ठिकाण ‘समरी जजमेंट’चे. तोपर्यंत दोन्ही बाजूंनी एकमेकांची कागदपत्रे, ईमेल आणि शपथेवरचे जबाब मिळवलेले असतात. महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल खरा वाद उरलेला नसेल, तर ज्युरीपुढे न जाता न्यायाधीश कायद्याच्या आधारे निकाल देतात. या निकालपत्रात पुराव्याची नेमकी पाने दाखवलेली असतात, त्यामुळे वस्तुस्थिती समजून घेण्यास ते सर्वांत उपयोगी असते. मात्र ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे, त्याच्या बाजूने पुराव्याकडे पाहायचे, हा नियम येथे असतो. ते ध्यानात ठेवूनच तथ्यांचा भाग वाचावा.

चौथे ठिकाण सुनावणीनंतरचे. अमेरिकेच्या घटनेतील सातव्या दुरुस्तीमुळे अनेक दिवाणी दाव्यांतही ज्युरी बसते. आपल्याकडे ज्युरीची पद्धत केव्हाच गेली, त्यामुळे ज्युरीचा कौल आणि न्यायालयाचा निकाल हे दोन वेगळे टप्पे आहेत, हे आपल्या वाचकाच्या पटकन लक्षात येत नाही. कौलानंतर न्यायाधीश पुरावा पुरेसा होता का आणि रक्कम कायद्यात बसते का, हे तपासतात आणि त्यानंतरच हुकूमनामा काढतात. एपिकच्या प्रकरणात ज्युरीने २४ कोटी डॉलर भरपाई आणि ७० कोटी डॉलर दंडात्मक भरपाई ठरवली होती. त्या २४ कोटींपैकी १४ कोटी टीसीएसने तयार केलेल्या एका तुलनात्मक अहवालाच्या लाभापोटी होते. एपिकची प्रणाली आणि टीसीएसची ‘मेड मंत्रा’ ही प्रणाली यांची तुलना त्या अहवालात होती. उरलेले १० कोटी गुपितांच्या ‘इतर’ वापरापोटी होते. न्यायाधीश विल्यम कॉन्ली यांनी त्या १० कोटींना पुराव्याचा आधार नसल्याचे सांगून ते रद्द केले, आणि दंडात्मक भरपाई मूळ भरपाईच्या दुपटीहून जास्त असू नये या विस्कॉन्सिनच्या मर्यादेमुळे ७० कोटींचे २८ कोटी झाले. ४२ कोटींचा हिशेब असा आहे. ज्यांनी केवळ कौलाची बातमी वाचली, त्यांच्यापर्यंत यातले काहीच पोहोचले नाही.

या चारांखेरीज एक कागद वारंवार फसवतो: ‘मॅजिस्ट्रेट जज’चा अहवाल. तो निकालपत्रासारखाच दिसतो, परंतु अनेकदा ती केवळ शिफारस असते. पक्षकारांना १४ दिवसांत हरकत घेता येते आणि जिल्हा न्यायाधीशांनी स्वीकारल्यावरच तिला आदेशाचे रूप येते.

अपिलाचे निकालपत्र

अपील न्यायालयाचे निकालपत्र शेवटच्या ओळीपासून वाचायला घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. तेथे कायम, रद्दबातल, उलट किंवा परत पाठवले यांपैकी एक किंवा अनेक शब्द असतात. ‘अफर्म्ड’ म्हणजे खालचा निकाल कायम. ‘रिव्हर्स्ड’ म्हणजे तो फिरवला. ‘व्हेकेटेड’ म्हणजे तो पुसला गेला, परंतु त्याच्या उलट निष्कर्ष काढला असे मात्र नाही. आणि ‘रिमांडेड’ म्हणजे पुढील कामासाठी प्रकरण खाली परत गेले. एपिकच्या प्रकरणात शिकागो येथील सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये १४ कोटींची भरपाई कायम ठेवली, १० कोटी वगळणेही मान्य केले आणि दंडात्मक भरपाईचा आदेश रद्द करून तेवढा भाग परत पाठवला. एका निकालात तीन दिशांची उत्तरे असल्यामुळे ‘टीसीएस जिंकली’ आणि ‘टीसीएस हरली’ ही दोन्ही शीर्षके अपुरी ठरली असती.

त्यानंतर तपासणीचा मापदंड शोधावा. कायद्याचा प्रश्न अपील न्यायालय पूर्णपणे नव्याने तपासते. जिल्हा न्यायाधीशांनी काढलेला वस्तुस्थितीचा निष्कर्ष उघड चूक असल्याशिवाय बदलत नाही. त्यांच्या विवेकाधिकारातील निर्णय त्या अधिकाराचा गैरवापर झाला असेल तरच हलवते. आणि ज्युरीच्या कौलाबाबत, समंजस ज्युरीला तसा निष्कर्ष काढता आला असता का, एवढेच विचारते. म्हणून ‘कायम’ या शब्दाला प्रत्येक वेळी सारखी किंमत नसते. नव्याने तपासून कायम केलेला कायद्याचा मुद्दा पुढील प्रकरणांत भक्कम आधार ठरतो. विवेकाधिकाराचा मान राखून कायम केलेल्या आदेशाचा अर्थ इतकाच की, दुसऱ्या न्यायाधीशांनी वेगळे ठरवले असते तरी तेही कदाचित टिकले असते.

मग निर्णयाचा आधार वेगळा काढावा. निकाल ज्या कारणांशिवाय उभा राहू शकत नाही, तेवढीच कारणे पुढे बंधनकारक असतात. ओघात व्यक्त केलेली मते वाचण्याजोगी असली तरी बंधनकारक नसतात. दंडात्मक भरपाईच्या प्रश्नावर सातव्या सर्किटने सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर आणि २००३ च्या स्टेट फार्म विरुद्ध कॅम्पबेल या निकालांतील कसोट्या लावल्या: वर्तन किती निंद्य होते, दंड आणि प्रत्यक्ष भरपाई यांचे प्रमाण काय, आणि तशाच वर्तनाला कायद्याने इतरत्र किती दंड आहे. वर्तन दोषास्पद असले तरी नुकसान आर्थिक स्वरूपाचे होते आणि मूळ भरपाईच मोठी होती, हे पाहून या प्रकरणात घटनेच्या मर्यादेत दंड भरपाईइतकाच, म्हणजे १४ कोटी, असू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. ‘या प्रकरणात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दंड नेहमीच भरपाईइतका असावा, असा नियम या निकालातून काढणे चूक होईल. त्याच वेळी राज्याच्या कायद्याने दुपटीपर्यंत मुभा दिली, म्हणून तेवढी रक्कम आपोआप घटनेत बसते असे नाही, हा मात्र त्यातील खरा धडा आहे.

भिन्नमत असेल तर तेही वाचावे. ते बंधनकारक नसते, परंतु बहुमताच्या युक्तिवादातील कमकुवत जागा तेथे स्पष्ट दाखवलेली असते. याउलट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राच्या आरंभी असणारा ‘सिलॅबस’ हा सारांश न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो. तो वृत्तांकन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा असतो आणि निकालाचा भाग मानला जात नाही, म्हणून त्यातील वाक्य निकालातील म्हणून उद्धृत करू नये. अपील न्यायालयांच्या निकालांपैकी मोठा हिस्सा ‘अनपब्लिश्ड’ असा शिक्का घेऊन येतो. तो मजकूर संकेतस्थळावर मिळतो आणि २००७ पासूनचे असे निकाल न्यायालयापुढे दाखवताही येतात, पण ते बंधनकारक पूर्वनिर्णय सहसा मानले जात नाहीत. शिवाय प्रकाशित निकालही आपल्या सर्किटपुरताच बांधून ठेवतो: सातव्या सर्किटची हद्द इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन एवढीच आहे.

न्यायालयाने काय ठरवले नाही

निकालपत्रात न्यायालय जो प्रश्न मुद्दाम खुला ठेवते, त्याची नोंद वेगळी करून ठेवावी. याचे ताजे उदाहरण भारताशी जोडलेले आहे. बंगळुरूची देवास मल्टिमीडिया आणि अंतराळ विभागाची सरकारी कंपनी अँट्रिक्स यांचा २००५ चा करार २०११ मध्ये रद्द झाला, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने देवासला ५६.२५ कोटी डॉलर देण्याचा निवाडा केला आणि वॉशिंग्टन राज्यातील फेडरल जिल्हा न्यायालयाने २०२० मध्ये तो मान्य करून व्याजासह सुमारे १२९ कोटी डॉलरचा हुकूमनामा दिला. नवव्या सर्किटने तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फिरवला. ५ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नवव्या सर्किटचा निकाल उलटवला. परकीय राज्यांच्या सार्वभौम संरक्षणाच्या कायद्यात, अमेरिकेशी किमान संबंध असल्याचे वेगळे सिद्ध करण्याची अट नाही, एवढेच त्या निकालाने ठरवले. घटनेतील योग्य प्रक्रियेच्या हमीमुळे ती अट लागू होते का, हा आणि अँट्रिक्सचे इतर आक्षेप खालच्या न्यायालयावर सोडण्यात आले. ‘भारताला १२९ कोटी भरावे लागणार’ असा निष्कर्ष त्या दिवशीच्या निकालपत्रातून निघतच नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार देणे, म्हणजे ‘सर्शिओरारी’ नाकारणे, याचाही अर्थ मर्यादित आहे. खालचा निकाल त्या पक्षकारांपुरता टिकतो, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली असे होत नाही. नोव्हेंबर २०२३ चा टीसीएसच्या प्रकरणातील आदेश असाच होता.

रक्कम आणि मुदती

पैशाचा आकडा वाचताना भरपाई, दंडात्मक भरपाई, निकालापूर्वीचे व्याज, निकालानंतरचे व्याज आणि वकिलांची फी या बाबी वेगळ्या मांडाव्यात. निकालानंतरचे व्याज फेडरल कायद्याने हुकूमनाम्याच्या तारखेपासून चालू होते आणि त्याचा दर सरकारी रोख्यांच्या एक वर्षाच्या उत्पन्नाशी बांधलेला असतो. वकिलांची फी हरणाऱ्याने द्यायची, हा तेथील सर्वसाधारण नियम नव्हे. कायदा किंवा करार तसे सांगत असेल तरच ती मिळते. अपिलाची सूचना सामान्यतः हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर ६० दिवसांत. ही मुदत न्यायालये फार कडकपणे पाळतात. म्हणून निकालाची बातमी वाचल्यावर महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा डॉकेट उघडून पाहणे उपयोगी पडते: अपील झाले का, बाँड भरून अंमलबजावणी थांबवली का, की दोन्ही बाजूंनी तडजोड केली, हे तेथेच दिसते.

निकाल भारतात आला तर

इचलकरंजी किंवा पुण्याच्या एखाद्या निर्यातदाराविरुद्ध अमेरिकेत हुकूमनामा झाला, तर त्याची येथे थेट बजावणी होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ज्या देशांचे हुकूमनामे सरळ बजावणीस घेता येतात, त्यांत अमेरिका नाही. वादीला भारतात त्या निकालाच्या आधारे नवा दावा करावा लागतो आणि मुदत कायद्याप्रमाणे त्यासाठी ३ वर्षे असतात. त्या दाव्यात कलम १३ च्या कसोट्या लागतात: परदेशी न्यायालयाला अधिकार होता का, निकाल गुणदोषांवर दिला गेला का, नैसर्गिक न्याय पाळला गेला का, निकाल फसवणुकीने मिळवला का, आणि याच प्रकारचे आणखी आक्षेप.

याचा व्यवहारातील परिणाम असा की, अमेरिकेतून समन्स आले आणि ते बाजूला ठेवून दिले, तर तेथे गैरहजेरीत हुकूमनामा होतो. भारतात आपण ‘तो निकाल गुणदोषांवर नाही’ असे म्हणू शकतो, आणि पुरावा न तपासता दिलेल्या अशा निकालाबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये इंटरनॅशनल वुलन मिल्सच्या प्रकरणात ते म्हणणे मान्यही केले आहे. परंतु तेथील न्यायालयाने पुरावा घेऊन, कारणे देऊन गैरहजेरीतला निकाल दिला असेल, तर हा आधार निसटतो, आणि अमेरिकेत असलेली येणी, बँक खाती किंवा गोदामातील माल यांवर तो हुकूमनामा तर कोणत्याही नव्या दाव्याशिवाय चालतो. त्यामुळे गैरहजेरीतील निकालपत्र हाती आले, तर त्यात दोन गोष्टी सर्वांत आधी शोधाव्यात: समन्स कसे बजावले गेले याची नोंद, आणि रक्कम ठरवताना न्यायालयाने कोणता पुरावा पाहिला. टपालाने समन्स बजावण्यास भारताने हेग करारात हरकत नोंदवलेली आहे, म्हणून बजावणी केंद्र सरकारच्या नियुक्त प्राधिकरणामार्फत झाली की केवळ कुरिअरने पाकीट आले, हा फरक वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावा आणि ते पाकीट, त्यावरील तारखांसह, जपून ठेवावे.